मोतिबिंदूवरील शस्त्रक्रिया व स्वच्छमंडल

डोळ्यातील पारदर्शक नेत्रभिंग गढूळ होऊन प्रकाशाचा मार्ग अडणे म्हणजे मोतिबिंदू होय. औषधाने तो नाहीसा होत नाही. गढूळ भिंग काढून टाकणे व त्याच्या जागी कृत्रिम भिंग बसविणे हाच त्यावरील परिणामकारक उपाय आहे. भिंगापर्यंत पोहोचण्याचा मार्ग मात्र डोळ्याच्या पुढील पारदर्शक पटलाजवळून, म्हणजे स्वच्छमंडलाजवळून जातो. सामान्य व्यवहारात यालाच कॉर्निया म्हणतात. शस्त्रक्रियेची पद्धत कोणतीही असो, तिचा काही ना काही भार या पटलाला सोसावा लागतो. स्वच्छमंडलावरील परिणाम मुख्यतः दोन प्रकारचे असतात : (१) त्याच्या आतील पृष्ठावरील पेशींचा नाश आणि (२) छेदामुळे त्याच्या वक्रतेत होणारा बदल. पहिल्या परिणामावर पटलाची पारदर्शकता अवलंबून असते, तर दुसऱ्यावर चष्म्याविना मिळणाऱ्या दृष्टीची सुस्पष्टता. मोतिबिंदूच्या विविध शस्त्रक्रियांची तुलना या दोन कसोट्यांवर करणे उद्‌बोधक ठरते.

हा प्रश्न केवळ तज्ञांपुरता मर्यादित नाही. भारतात २०१५–१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय अंधत्व सर्वेक्षणात ५० वर्षे व त्यावरील वयोगटातील अंधत्वाचे सर्वांत मोठे कारण शस्त्रक्रिया न झालेला मोतिबिंदू (६६.२ टक्के) हे आढळले. त्याखालोखाल स्वच्छमंडलाची अपारदर्शकता (७.४ टक्के) व मोतिबिंदूच्या शस्त्रक्रियेतील गुंतागुंत (७.२ टक्के) ही कारणे होती. दृष्टी परत मिळविण्यासाठी केलेला उपाय काही डोळ्यांत दृष्टिनाशाला कारणीभूत होतो, हे या आकड्यांवरून दिसते. ही गुंतागुंत कमी करण्याच्या प्रयत्नांत स्वच्छमंडलाचे रक्षण हा महत्त्वाचा भाग आहे.

स्वच्छमंडलाची रचना व कार्य : घड्याळाच्या काचेप्रमाणे बाहेरून फुगीर असलेले हे पटल मध्यभागी अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जाड असते. नागपूरनजीकच्या ग्रामीण भागातील आठ खेड्यांत २००६–०८ या काळात ३० वर्षे व त्यावरील वयाच्या ४,७११ व्यक्तींची नेत्रतपासणी झाली. तीत स्वच्छमंडलाची मध्यभागीची सरासरी जाडी सु. ५१४ मायक्रॉन (१ मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आढळली. बाहेरून आत जाताना अधिस्तर, बोमन कला, आधारस्तर, देस्मे कला व अंतःस्तर असे थर लागतात. एकूण जाडीचा सु. ९० टक्के भाग आधारस्तराचा असतो. त्यातील तंतू अत्यंत नियमितपणे मांडलेले असल्यामुळे प्रकाश न विखुरता आरपार जातो. आधारस्तराचा गुणधर्म पाणी शोषून फुगण्याचा आहे. तो फुगला की, तंतूंची मांडणी विस्कळीत होते व पटल धुरकट होते.

हे फुगणे रोखण्याचे काम अंतःस्तर करतो. तो षट्‌कोनी पेशींचा एकच थर असून मधमाश्यांच्या पोळ्याप्रमाणे दिसतो. डोळ्याच्या अग्र कोष्ठातील नेत्रजल आधारस्तरात सतत झिरपत असते व अंतःस्तराच्या पेशी ते पंपाप्रमाणे सतत बाहेर टाकत असतात. झिरपणे व उपसणे यांचा तोल टिकून आहे तोवर स्वच्छमंडल स्वच्छ राहते.

मानवी अंतःस्तराच्या पेशी शरीरात विभाजनाने नव्याने तयार होत नाहीत, ही या विषयातील कळीची बाब होय. जन्मतः दर चौ. मिमी. क्षेत्रात चार हजार किंवा त्याहून अधिक पेशी असतात. प्रौढ वयात त्यांची संख्या सु. २,५०० ते ३,००० इतकी उरते व त्यानंतर ती दरवर्षी सु. ०.६ टक्क्याने घटत जाते. एखादी पेशी मेली की, शेजारच्या पेशी पसरून तिची जागा भरून काढतात. त्यामुळे उरलेल्या पेशी आकाराने मोठ्या व ओबडधोबड होतात. संख्या दर चौ. मिमी.ला सु. ५००च्या खाली गेली की, पंपाचे कार्य अपुरे पडण्याचा धोका निर्माण होतो. अंतःस्तर ही अशी पुंजी आहे की, तीत भर पडत नाही, केवळ खर्च होतो. शस्त्रक्रिया हा त्या पुंजीतून एका दिवसात होणारा मोठा खर्च होय.

पेशींचे मापन : जिवंत डोळ्यातील या पेशी मोजण्याचे साधन विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उपलब्ध झाले. डेव्हिड मॉरिस यांनी १९६८ मध्ये परावर्तित प्रकाशावर चालणारा परावर्ती सूक्ष्मदर्शक प्रयोगशाळेत वापरला. १९७५ च्या सुमारास आर. ए. लेंग व त्यांचे सहकारी यांनी तो रुग्णांच्या तपासणीसाठी उपयोगात आणला. डोळ्याला इजा न करता अंतःस्तराचे छायाचित्र घेऊन दर चौ. मिमी.तील पेशींची संख्या, त्यांच्या आकारमानातील विषमता व षट्‌कोनी पेशींचे प्रमाण त्यावरून काढता येते. तत्पूर्वी शस्त्रक्रियेनंतर पटल स्वच्छ दिसले की, ते निरोगी आहे असे समजले जाई. या साधनामुळे वरकरणी पूर्ण स्वच्छ दिसणाऱ्या पटलातही पेशींची लक्षणीय हानी झालेली असू शकते, हे उघड झाले व शस्त्रक्रियेच्या पद्धतींची वस्तुनिष्ठ तुलना शक्य झाली.

शस्त्रक्रियापद्धतींचा विकास : (१) भिंग ढकलणे : सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात लिंगनाश या विकारावरील शस्त्रकर्माचे वर्णन आहे. जवाच्या आकाराचे टोक असलेली शलाका डोळ्याच्या पांढऱ्या भागातून आत घालावी, असे त्यात सांगितले असून त्या वेळी रुग्णाने शिंक, खोकला वगैरे आवरावे अशीही सूचना आहे. पुढे रूढ झालेल्या पद्धतीत गढूळ भिंग बाहेर न काढता डोळ्याच्या मागील पोकळीत ढकलले जाई. फिरते वैद्य ही क्रिया विसाव्या शतकातही करीत. रुग्णाला तत्काळ दिसू लागे. तथापि आत राहिलेल्या भिंगामुळे दाह व काचबिंदू उद्‌भवून बरेच डोळे पुढे निकामी होत. काही डोळ्यांत सुटे झालेले भिंग अग्र कोष्ठात येऊन स्वच्छमंडलाच्या आतील बाजूस टेके. मद्रास येथील शासकीय नेत्ररुग्णालयाचे अधीक्षक रॉबर्ट हेन्री एलियट यांनी या क्रियेच्या दुष्परिणामांचा विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात तपशीलवार अभ्यास केला.

(२) संपुटासह भिंग काढणे : भिंग डोळ्याबाहेर काढण्याची नियोजित शस्त्रक्रिया झाक दाव्ह्येल या फ्रेंच शस्त्रक्रियाविशारदांनी १७४७ मध्ये केली. भिंगाभोवतीच्या पातळ पिशवीला संपुट म्हणतात. संपुटासह संपूर्ण भिंग काढण्याच्या पद्धतीच्या विकासात भारताचा वाटा मोठा आहे. जालंधर येथील लष्करी डॉक्टर हेन्री स्मिथ यांनी स्वच्छमंडलावर बाहेरून दाब देऊन भिंग बाहेर काढण्याची रीत विसाव्या शतकाच्या आरंभी हजारो रुग्णांवर वापरली. पुढे भिंग पकडण्यासाठी चिमटे, चूषणी व अतिशीत शलाका ही साधने आली. अतिशीत शलाका १९६१ मध्ये टाडेउश क्र्वाव्हिच या पोलिश नेत्रतज्ञांनी प्रचारात आणली. या पद्धतीत स्वच्छमंडलाच्या कडेने जवळजवळ अर्धवर्तुळाकार छेद घ्यावा लागे व पटल उचलून धरावे लागे. या वेळी पटल वाकून किंवा भिंग घासून पेशी नष्ट होत. संपुट उरत नसल्यामुळे मागील काचाभ द्रव पुढे येऊन अंतःस्तराला चिकटण्याची भीती असे. रुग्णाला जाड भिंगाचा चष्मा कायमचा वापरावा लागे.

(३) संपुटाबाहेर भिंग काढणे : हॅरल्ड रिडली यांनी १९४९ मध्ये लंडन येथे कृत्रिम भिंग प्रथम बसविले. भिंगाला आधार देण्यासाठी संपुटाचा मागील पडदा राखणे पुढे आवश्यक ठरले. या पद्धतीत संपुटाचा पुढील भाग उघडून भिंगाचा कठीण गाभा बाहेर काढतात, भोवतालचे मऊ बाह्यक धुऊन शोषून घेतात व मागील पडद्यावर कृत्रिम भिंग ठेवतात. छेद १० ते १२ मिमी. लांब असून तो अतिसूक्ष्म धाग्याच्या टाक्यांनी शिवावा लागतो. मागील पडदा शाबूत राहिल्याने काचाभ द्रव जागच्या जागी राहतो, हा स्वच्छमंडलाच्या दृष्टीने मोठा लाभ होय. याउलट अग्र कोष्ठात बसविण्याच्या आरंभीच्या काही प्रकारच्या भिंगांमुळे अंतःस्तराची सतत झीज होऊन अनेक डोळ्यांतील पटल गढूळ झाले. १९८० नंतरच्या दशकात असे प्रकार मागे पडले.

(४) भिंग-पायसीकरण : चार्ल्स केलमन यांनी १९६७ मध्ये अमेरिकेत ही पद्धती प्रथम वापरली. ती 'फेको' या संक्षिप्त नावाने सर्वपरिचित आहे. दर सेकंदाला सु. ४०,००० वेळा कंप पावणाऱ्या पोकळ सुईच्या टोकाने गाभ्याचे बारीक तुकडे करून ते द्रवाबरोबर शोषून घेतात. आरंभी या पद्धतीने अंतःस्तराची हानी बरीच होई. पुढे संपुटाला सलग गोल छिद्र पाडण्याची रीत, संपुटाच्या आतच गाभा फोडण्याच्या क्लृप्त्या व घडी घालता येणारी कृत्रिम भिंगे यांमुळे ती सुरक्षित झाली. छेद सामान्यतः २.२ ते ३.२ मिमी. इतकाच असतो व त्याला टाक्यांची गरज बहुधा पडत नाही.

(५) लहान छेदाची हस्तकृत शस्त्रक्रिया : सामान्य लोक हिला 'बिनटाक्याची शस्त्रक्रिया' म्हणतात. श्वेतपटलात ६ ते ७ मिमी. रुंदीचा बोगदा करून तो स्वच्छमंडलात आतून उघडतात. बोगद्याचे आतील तोंड बाहेरच्यापेक्षा रुंद असते व डोळ्यातील दाबानेच त्याची झडप मिटते. गाभा संपुटातून अग्र कोष्ठात आणून या बोगद्यातून सबंध बाहेर काढतात. महागडे यंत्र लागत नाही, वेळ थोडा लागतो व खर्च कमी येतो. भारत व नेपाळ येथे ही पद्धती विशेष विकसित झाली. महाराष्ट्रात शिकवणी रुग्णालये व शिबिरे यांच्याद्वारे ती ग्रामीण भागात पोहोचली. मुंबईच्या सर ज. जी. समूह रुग्णालयातील तात्याराव लहाने यांनी वरोड्याजवळील आनंदवनातील शिबिरांतून केलेले कार्य या संदर्भात उल्लेखनीय आहे.

(६) लेसर-साह्यित शस्त्रक्रिया : २००८ पासून छेद, संपुटाचे छिद्र व गाभ्याचे प्राथमिक विभाजन यांसाठी अत्यल्पकालिक स्पंदांचा लेसर वापरला जाऊ लागला. त्यामुळे श्राव्यातीत ऊर्जा कमी लागते. तथापि कुशल हातांनी केलेल्या पायसीकरणाच्या तुलनेत अंतिम दृष्टीत ठळक व सातत्याने आढळणारा लाभ सिद्ध झालेला नाही व खर्च मात्र पुष्कळ वाढतो.

अंतःस्तराच्या हानीची कारणे : पद्धती बदलली की, हानीचे कारण बदलते. मोठ्या छेदाच्या शस्त्रक्रियांत पटल वाकणे आणि भिंग किंवा उपकरण त्याला घासणे ही प्रमुख कारणे असतात. हस्तकृत लहान छेदाच्या पद्धतीत गाभा अग्र कोष्ठातून सरकत असताना अंतःस्तराला निकट येतो. बोगदा अरुंद आणि गाभा मोठा असल्यास हे घर्षण वाढते. पायसीकरणात श्राव्यातीत ऊर्जा, सुईच्या टोकाशी निर्माण होणारी उष्णता, मुक्त मूलके, द्रवाचा खळबळाट व उडणारे तुकडे यांचा आघात होतो. गाभा जितका कठीण तितकी ऊर्जा अधिक लागते. पिंगट किंवा काळसर झालेल्या गाभ्याच्या बाबतीत हे विशेषत्वाने जाणवते. धुण्याच्या द्रवाचे प्रमाण व त्याचे रासायनिक संघटन, मागील पडदा फाटणे आणि शस्त्रक्रियेचा कालावधी हे घटक सर्वच पद्धतींत महत्त्वाचे आहेत. उपकरणांवर राहून गेलेला रासायनिक अंश किंवा सदोष द्रव यांमुळे एकाच दिवशी शस्त्रक्रिया झालेल्या अनेक रुग्णांच्या अग्र कोष्ठात विषारी दाह उद्‌भवू शकतो. अशा वेळी अंतःस्तर एकदम मोठ्या प्रमाणावर नष्ट होण्याचा धोका असतो.

या हानीपासून संरक्षण देणारी सर्वांत महत्त्वाची सुधारणा म्हणजे श्यान-स्थितिस्थापक पदार्थांचा वापर होय. सोडियम हायलुरोनेट हा असा पदार्थ १९८० च्या सुमारास नेत्रशस्त्रक्रियेत आला. हायड्रॉक्सिप्रोपिल मिथिल सेल्युलोज हा स्वस्त पदार्थ भारतात सर्रास वापरला जातो. मधासारखा दाट असा हा पदार्थ अग्र कोष्ठात भरला म्हणजे कोष्ठ खोल राहतो व पेशींवर मऊ गादी तयार होते. काम संपल्यावर तो धुऊन काढावा लागतो, अन्यथा डोळ्यातील दाब वाढतो.

तौलनिक अभ्यास : कोणत्या पद्धतीने पेशी अधिक मरतात, या प्रश्नाचे उत्तर केवळ अनुभवाने देता येत नाही. प्रत्येक शस्त्रक्रियाविशारद आपल्या हातवळणीची पद्धत व तिला सोयीचे रुग्ण निवडतो. म्हणून रुग्णांची विभागणी यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे करून तुलना करावी लागते. असे महत्त्वाचे अभ्यास पुणे येथील पुणे अंधजन मंडळाच्या एच. व्ही. देसाई नेत्ररुग्णालयात झाले आहेत. परीक्षित गोगटे, मदन देशपांडे व त्यांचे सहकारी यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ७४१ रुग्णांमध्ये मोठ्या छेदाची संपुटबाह्य पद्धती व लहान छेदाची हस्तकृत पद्धती यांची तुलना केली. सहा आठवड्यांनंतर चष्म्याविना ६/१८ किंवा त्याहून चांगली दृष्टी मोठ्या छेदाच्या गटात ३७.३ टक्के, तर लहान छेदाच्या गटात ४७.९ टक्के रुग्णांना मिळाली. याच केंद्रातील ४०० रुग्णांच्या २००५ मधील अभ्यासात पायसीकरण व हस्तकृत पद्धती यांची तुलना झाली. चष्म्याविना वरील दर्जाची दृष्टी अनुक्रमे सु. ८१ व ७१ टक्के रुग्णांना मिळाली. योग्य चष्मा दिल्यावर मात्र दोन्ही गटांत हे प्रमाण ९८.४ टक्के इतके सारखेच भरले.

याच केंद्रातून २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला २०० रुग्णांचा अभ्यास थेट अंतःस्तराविषयी आहे. सहा आठवड्यांनंतर पायसीकरण व हस्तकृत या दोन्ही गटांत दर चौ. मिमी.मागे सु. ५०० पेशींची घट आढळली व दोन गटांतील फरक संख्याशास्त्रीय दृष्ट्या नगण्य होता. चेन्नई येथे तिन्ही पद्धतींची तुलना करणारा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मोठ्या छेदाच्या पद्धतीत सरासरी ४.७२, हस्तकृत लहान छेदाच्या पद्धतीत ४.२१ व पायसीकरणात ५.४१ टक्के पेशी कमी झाल्या. येथेही फरक नगण्य ठरला. दोन केंद्रांतील रुग्णनिवड व गणनपद्धती भिन्न असल्याने त्यांचे आकडे एकमेकांशी थेट ताडून पाहू नयेत. प्रत्येक अभ्यासातील गटांची आपसांतील तुलना तेवढी ग्राह्य धरावी. त्या तुलनेतून निघणारा निष्कर्ष सारखाच आहे : निष्णात हातांनी केलेल्या शस्त्रक्रियेत, सामान्य कठीणतेच्या मोतिबिंदूच्या बाबतीत, अंतःस्तराची हानी पद्धतीनुसार फारशी बदलत नाही. सरासरीभोवतीचा विस्तार मात्र मोठा असतो. गाभ्याची कठीणता, मूळ पेशीसंख्या, शस्त्रक्रियाविशारदाचे कौशल्य व घडलेली गुंतागुंत यांमुळे एकाच पद्धतीतही दोन डोळ्यांतील हानीत बराच फरक पडतो.

वक्रता व दृष्टिवैषम्य : डोळ्याच्या एकूण अभिसारक शक्तीपैकी सु. दोन-तृतीयांश शक्ती स्वच्छमंडलाची असते. त्यामुळे त्याच्या वक्रतेतील थोडासा फरकही दृष्टीवर परिणाम करतो. छेद ज्या दिशेला असेल त्या दिशेची वक्रता बरी होताना सपाट होत जाते. टाके फार आवळल्यास ती उलट वाढते. परस्परांना लंब असलेल्या दोन दिशांतील वक्रता असमान झाली की, दृष्टिवैषम्य उद्‌भवते व प्रतिमा एका दिशेने ताणलेली किंवा पुसट दिसते. चेन्नईच्या वरील अभ्यासात शस्त्रक्रियाजन्य दृष्टिवैषम्य मोठ्या छेदाच्या पद्धतीत सरासरी १.७७, हस्तकृत लहान छेदात १.१७ व पायसीकरणात ०.७७ डायॉप्टर आढळले. पद्धतींतील खरा व सातत्याने दिसणारा फरक हा येथे आहे, पेशींच्या हानीत नव्हे.

हा फरक कमी करण्याचे मार्ग उपलब्ध आहेत. वाढत्या वयात स्वच्छमंडलाची वक्रता उभ्या दिशेने कमी व आडव्या दिशेने अधिक होण्याकडे कल असतो. वरच्या बाजूने घेतलेला छेद या कलात भर घालतो, तर कानाकडील बाजूने घेतलेला छेद तो कमी करतो. म्हणून हस्तकृत पद्धतीतही कानाकडील बाजूने बोगदा केल्यास दृष्टिवैषम्य घटते. बोगद्याचे बाहेरील तोंड सरळ न ठेवता स्वच्छमंडलाकडे पाठ करून वळलेल्या कमानीसारखे, म्हणजे कपाळाला आठी पडावी तसे ठेवल्यासही लाभ होतो. उरलेला दोष चष्म्याने दूर होतो. तथापि ज्याला चष्मा परवडत नाही वा शेतात वापरता येत नाही अशा रुग्णाच्या दृष्टीने चष्म्याविना मिळणारी दृष्टी हीच खरी दृष्टी असते, हे विसरता कामा नये.

पद्धतीची निवड : निवडीचा निकष पद्धतीची नवलाई हा नसून रुग्णाच्या डोळ्याची स्थिती हा असावा. एक उदाहरण घेता येईल. शस्त्रक्रियेपूर्वी दर चौ. मिमी.ला २,४०० पेशी असलेल्या डोळ्यात १५ टक्के हानी झाली, तर २,०४० पेशी उरतात. शस्त्रक्रियेनंतरची घट पुढे काही वर्षे नैसर्गिक घटीपेक्षा जलद, सु. २.५ टक्के वार्षिक दराने होते, असे दीर्घकालीन निरीक्षणांत आढळले आहे. या हिशोबाने दहा वर्षांनंतरही सु. १,५८० पेशी शिल्लक राहतात व डोळा सुरक्षित राहतो. तेवढीच हानी मूळच्या ९०० पेशी असलेल्या डोळ्यात झाली, तर प्रथम ७६५ व दहा वर्षांनंतर सु. ५९० पेशी उरतात. तोच शस्त्रक्रियाविशारद, तीच पद्धती व तितकीच टक्केवारी असूनही दुसरा डोळा धोक्याच्या सीमेवर येतो. फुक्स अपविकास, मधुमेह, पूर्वीची इजा किंवा व्रण, डोळ्यातील दाह, काचबिंदूचा तीव्र झटका व पूर्वी झालेली नेत्रशस्त्रक्रिया अशा परिस्थितीत पेशींची मोजणी आधी करून घेणे इष्ट ठरते. मोजणीचे साधन नसल्यास फटदीपाच्या साहाय्याने अंतःस्तर बारकाईने पाहणे व दुसऱ्या डोळ्यातील शस्त्रक्रियेचा परिणाम लक्षात घेणे उपयुक्त असते.

भंडारा जिल्ह्यातील लाखनीसारख्या ठिकाणाचा विचार केल्यास निवडीचा हा प्रश्न स्पष्ट होतो. भंडारा व साकोली यांच्या दरम्यान राष्ट्रीय महामार्गावर वसलेले हे तालुक्याचे गाव धानाच्या पट्ट्यात येते. अशा भागांतील वृद्ध रुग्ण बहुधा उशिरा तपासणीस येतात. धानाची रोवणी व कापणी आटोपेपर्यंत थांबणे, शस्त्रक्रिया थंडीतच करावी असा समज असणे आणि मोतिबिंदू 'पिकल्यावरच' काढावा अशी जुनी धारणा असणे ही त्याची नेहमीची कारणे होत. पिकू देण्याच्या धारणेला एके काळी आधार होता. कृत्रिम भिंगापूर्वीच्या काळात शस्त्रक्रियेचे धोके व जाड चष्म्याची गैरसोय पाहता दृष्टी पुरती मंदावेपर्यंत थांबणे शहाणपणाचे असे. आज ती धारणा अपायकारक ठरते. मोतिबिंदू जितका जुना तितका गाभा कठीण होतो, तो काढताना अंतःस्तराला अधिक भार सोसावा लागतो आणि अतिपक्व भिंग फुगून किंवा गळून काचबिंदूही उद्‌भवू शकतो. थंडीची वाट पाहण्याचेही कारण नाही. निर्जंतुक शस्त्रक्रियागारात कोणत्याही ऋतूत शस्त्रक्रिया करता येते.

याखेरीज धानाच्या लोंबीचे टोक, तूस किंवा काडी डोळ्याला लागून स्वच्छमंडलावर व्रण पडणे हा शेतीव्यवसायातील परिचित धोका आहे. अशा जखमेत कवकांचा संसर्ग झाल्यास बरे झाल्यावरही पांढरा डाग राहतो. डाग असलेल्या पटलातून आतील भिंग नीट दिसत नाही व त्याखालील अंतःस्तरही दुबळा असू शकतो. तेव्हा मोतिबिंदू किती अंशी व डाग किती अंशी दृष्टी अडवितो, याचा अंदाज आधीच घेऊन रुग्णाला अपेक्षित लाभ सांगणे आवश्यक असते.

कठीण व पिंगट गाभा असलेल्या डोळ्यात हस्तकृत लहान छेदाची पद्धती ही गरिबांसाठीची दुय्यम पर्यायी सोय नसून पुष्कळदा योग्य निवड असते. मऊ वा मध्यम गाभा असलेल्या व चष्म्याविना स्वच्छ दृष्टीची अपेक्षा असलेल्या रुग्णाला पायसीकरणाने अधिक लाभ होतो. पेशीसंख्या कमी असलेल्या डोळ्यात मात्र पद्धतीच्या नावापेक्षा श्यान-स्थितिस्थापक पदार्थाचा पुरेसा वापर, अंतःस्तरापासून दूर राहून काम करण्याची दक्षता व शस्त्रक्रियाविशारदाचा त्या पद्धतीचा सराव यांना अधिक महत्त्व आहे. पूर्वी तंबूत किंवा शाळेत शिबिरे भरवून शस्त्रक्रिया होत. आता खेड्यात केवळ तपासणी करून निवडलेल्या रुग्णांना सुसज्ज रुग्णालयात नेण्याची रीत मान्य झाली आहे. जागतिक बँकेच्या साहाय्याने १९९४–२००२ या काळात महाराष्ट्रासह सात राज्यांत राबविलेल्या मोतिबिंदू-अंधत्व नियंत्रण प्रकल्पामुळे या बदलास व कृत्रिम भिंगाच्या प्रसारास गती मिळाली.

शस्त्रक्रियोत्तर विकृती व उपचार : शस्त्रक्रियेनंतर पहिले काही दिवस पटलाला किंचित सूज येणे सामान्य असून ती औषधांनी बहुधा ओसरते. देस्मे कला सुटली असल्यास अग्र कोष्ठात हवा किंवा योग्य वायू भरून ती पुन्हा चिकटविता येते. रुग्णाने डोळा चोळू नये, मळणीची धूळ, चुलीचा धूर व विहिरी-तळ्याचे पाणी यांपासून डोळा काही आठवडे जपावा व सांगितलेल्या दिवशी फेरतपासणीस यावे. वेदना, वाढती लाली, चिकट स्राव किंवा दृष्टी पुन्हा मंदावणे ही धोक्याची लक्षणे समजून विनाविलंब रुग्णालय गाठावे.

पेशीसंख्या अपुरी ठरली, तर महिन्यांनी किंवा वर्षांनी पटल कायमचे सुजते. आरंभी सकाळी धूसर दिसते व दिवस चढेल तसे सुधारते, कारण मिटलेल्या पापण्यांखाली रात्रभर बाष्पीभवन होत नाही. पुढे पृष्ठभागावर पाण्याचे फोड येतात व ते फुटले की, तीव्र वेदना होतात. पाच टक्के लवणद्रावाचे थेंब, मलम व संरक्षक स्पर्शभिंग यांनी तात्पुरता आराम मिळतो. खरा उपाय म्हणजे नेत्रदानातून मिळालेल्या पटलाचे प्रतिरोपण होय. एदुआर्ड त्सिर्म यांनी १९०५ मध्ये पूर्ण जाडीचे पटल यशस्वीपणे बसविले. १९९८ पासून केवळ आतील थर बदलण्याच्या शस्त्रक्रिया विकसित झाल्या असून त्यांत टाके कमी लागतात व दृष्टी लवकर सुधारते. तथापि भारतात दान मिळणारी नेत्रपटले गरजेच्या मानाने अपुरी आहेत व प्रतिरोपणाची सोय मोजक्या केंद्रांतच उपलब्ध आहे. त्यामुळे वेळेवर झालेली तपासणी, डोळ्याला साजेशी पद्धती व अंतःस्तर राखण्याची दक्षता हेच या विकृतीवरील सर्वांत परिणामकारक व सर्वांना परवडणारे प्रतिबंधक उपाय ठरतात.